सव्वीस वर्षांचे मौन कोणाचे? अरुण कोलटकर आणि वाङ्मयेतिहासाची अर्धी नोंदवही

१/
अरुण कोलटकर यांच्याविषयी मराठी वाङ्मयाच्या चर्चेत एक कथा ठरून गेलेली आहे. १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह आला आणि त्यानंतर कवी सव्वीस वर्षे मौनात गेला. मग २००३-०४ या दोन वर्षांत एकाएकी पाच पुस्तके आली आणि सप्टेंबर २००४ मध्ये कवीच गेला. घरात दूरध्वनी न ठेवणारा, मुलाखती टाळणारा, गर्दीपासून दूर राहणारा अवलिया ही प्रतिमा या कथेतूनच घडली.

२/
प्रतिमा मोहक आहे. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने तिला एक साधा प्रश्न विचारला पाहिजे: मौन मोजले कशाने? उत्तर आहे, पुस्तकांच्या प्रकाशनवर्षांनी. दोन प्रकाशनवर्षांमधली जागा मोकळी दिसली, म्हणून माणूस गप्प होता असे मानले गेले. प्रस्तुत धाग्याचा दावा असा की हे मौन कोलटकरांचे नाही, ते नोंदवहीचे आहे. त्या वहीत पुस्तकासाठी रकाना होता. चित्र, मांडणी, जाहिरात, गाणे आणि वाद्य यांच्यासाठी तो नव्हताच.

३/
आरंभापासून पाहू. कोलटकर कोल्हापूरचे, शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. १९४९ मध्ये त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. मध्ये खंड पडत पडत पदविका हाती आली ती १९५७ मध्ये. म्हणजे मराठी नवकवितेच्या ऐन धुमाळीत हा तरुण औपचारिक शिक्षण घेत होता ते रेषा, रंग आणि अक्षररचनेचे. साहित्याची पदवी त्याच्याकडे कधीच नव्हती. वाङ्मयेतिहासात हा तपशील बहुधा एका ओळीत उरकला जातो. खरे तर पुढच्या साऱ्या कामाची किल्ली त्यातच आहे.

४/
काळही तसाच होता. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना १९४७ ची. मुंबईत चित्रकार आणि कवी एकाच उपाहारगृहात, अनेकदा एकाच टेबलावर बसत. चित्रे विकून पोट भरण्याची शाश्वती जवळजवळ कोणालाच नव्हती, आणि कवितेवर जगण्याचा तर प्रश्नच नव्हता. अशा वेळी जे. जे. मधून बाहेर पडलेल्या अनेकांना आधार दिला तो जाहिरातसंस्थांनी. कोलटकरही त्याच वाटेने गेले.

५/
१९५४ मध्ये दिलीप चित्रे, रमेश समर्थ आणि कोलटकर या तरुणांच्या वर्तुळातून ‘शब्द’ हे अनियतकालिक निघाले. ते छापलेले नसून सायक्लोस्टाइल केलेले होते. हा फरक तांत्रिक वाटतो, पण तो समजून घेतल्याशिवाय या पिढीचे काम नीट कळत नाही. म्हणून थोडे थांबून त्याकडे पाहू.

६/
त्या काळचा छापखाना म्हणजे खिळे जुळवण्याचा उद्योग. कंपोझिटर एकेक खिळा उचलून ओळ बांधणार. चित्र हवे असेल तर त्याचा धातूचा ब्लॉक वेगळा करून घ्यावा लागे आणि त्याचा खर्चही वेगळा. यामुळे शब्द एका हातात आणि चित्र दुसऱ्या हातात, अशी विभागणी यंत्रानेच करून टाकली होती. पानाची रचना ठरवण्याचे काम बहुधा मुद्रकाच्या सवयीवर सोपवलेले असे. कवीने मजकूर द्यायचा आणि मुद्रिते तपासून परत करायची.

७/
सायक्लोस्टाइलचे तंत्र निराळे. मेण लावलेल्या स्टेन्सिलच्या कागदावर टंकलेखन यंत्राने अक्षरे उमटवायची. त्याच कागदावर टोकदार लेखणीने हवी ती रेघ, हवे ते चित्र कोरायचे. मग शाईच्या रुळावरून प्रती काढायच्या. प्रती थोड्याच निघत, छपाई फिकी येई, कागद सामान्य असे. मात्र शब्द आणि रेषा इथे एकाच पृष्ठभागावर, एकाच हाताने येऊ शकत. पान हाच मजकुराचा भाग असतो, ही जाणीव या पिढीला अशा गरिबीच्या साधनांतून मिळाली.

८/
लघुनियतकालिकांच्या चळवळीचा इतिहास सांगताना बहुधा बंडखोरीचा उल्लेख होतो, आणि तो योग्यही आहे. अशोक शहाणे यांचा ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष किरण’ हा १९६३ मधला लेख, ‘असो’ आणि ‘वाचा’ यांसारखी अनियतकालिके, प्रस्थापित मासिकांविरुद्धची चीड, हे सारे खरे. परंतु या बंडाला एक दृश्य बाजूही होती. मासिकाचा आकार, अक्षरांचा ठसा, मोकळी सोडलेली जागा, मुखपृष्ठाची रेषा हेही त्या वादातले मुद्देच होते. मजकूर तेवढा पुनर्मुद्रित करून पान टाकून दिले, की पुराव्याचा अर्धा भाग नाहीसा होतो.

९/
आता ‘जेजुरी’. १९६०च्या दशकातल्या एका प्रवासातून उगवलेली ही इंग्रजी कवितामालिका १९७४ मध्ये ‘ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली’मध्ये आली आणि १९७६ मध्ये पुस्तकरूपाने. १९७७ मध्ये तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. खंडोबाच्या गडावर पहाटे एसटीने येऊन दिवस मावळताना रेल्वेच्या फलाटावर संपणारी ही एका दिवसाची गोष्ट. देवळे, पडझड, पुजारी, कुत्री, दार, दगड असे सारे एकापाठोपाठ एक नजरेसमोर येते. निवेदक मत फारसे देत नाही. तो पाहतो, आणि कुठून पाहायचे ते ठरवतो.

१०/
या मालिकेत एके ठिकाणी शेतात उड्या मारणाऱ्या कोंबड्या-कोंबड्यांचा नाच येतो. तिथे शब्द सरळ ओळीत बसत नाहीत. अक्षरे पानभर वर-खाली विखुरतात आणि वाचकाच्या डोळ्यालाच उडी मारावी लागते. हे पान मोठ्याने वाचून दाखवता येत नाही, ते पाहावेच लागते. जाहिरातीच्या फलकावर अक्षर कुठे ठेवले म्हणजे डोळा कुठे वळेल, याचा रोज हिशेब करणाऱ्या हाताने ते रचले आहे.

११/
‘जेजुरी’चे प्रकाशन हाही एक धडा आहे. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव पटेल आणि कोलटकर या चार कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. व्यावसायिक प्रकाशक इंग्रजी कविता घेत नव्हते, म्हणून कवींनीच निवड, निर्मिती आणि वितरण हाती घेतले. पुस्तकांच्या रूपाची धुरा कोलटकरांकडे होती. स्वतःच्या कवितेइतकीच काळजी त्यांनी इतरांच्या कवितेच्या अंगरख्याची घेतली. वाङ्मयेतिहासात त्याची नोंद कुठे होते? बहुधा कुठेच नाही. कारण मुखपृष्ठाचा रकाना त्यात नसतो.

१२/
मराठीत हेच काम अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’बरोबर झाले. १९७७ चा संग्रह ‘प्रास’चा, आणि शेवटच्या वर्षांतली पुस्तकेही ‘प्रास’चीच. प्रकाशक आणि कवी यांच्या अशा दीर्घ सहकार्याची उदाहरणे मराठीत फार नाहीत. अक्षर, कागद, आकार आणि समास यांबाबत तडजोड न करण्याचा हट्ट दोघांचाही होता. पुस्तक उशिरा आले तरी चालेल, पण बेढब येता कामा नये, अशी ही शिस्त. ‘मौना’चे काही अंशी तरी स्पष्टीकरण इथे सापडते.

१३/
आता ज्या कामावर घर चालत होते त्याकडे. लिंटाससारख्या संस्थांतून कोलटकरांनी कलादिग्दर्शक आणि ग्राफिक डिझायनर म्हणून काम केले. जाहिरातक्षेत्रातला ‘कॅग’ पुरस्कार त्यांना सहा वेळा मिळाला आणि त्या संस्थेच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्येही त्यांचा समावेश झाला. आपल्या पेशात ते अग्रगण्य होते. तरीही कवीच्या चरित्रात हा भाग ‘उपजीविकेसाठी जाहिरातीत नोकरी केली’ एवढ्या वाक्यात संपतो, जणू त्या तासांत दुसराच कोणी माणूस काम करत होता.

१४/
जाहिरात काय शिकवते? काटछाट. एका दृष्टिक्षेपात पोचेल एवढेच ठेवणे. चित्राने सांगितले ते शब्दाने पुन्हा न सांगणे. रस्त्यावरच्या माणसाची भाषा ऐकणे, कारण जाहिरात त्याच्याशीच बोलत असते. कोलटकरांच्या कवितेविषयी समीक्षकांनी नोंदवलेले गुण पाहा: नेमकेपणा, भावविवशतेचा अभाव, बोलभाषेचा अचूक कान, वस्तूकडे रोखून पाहण्याची सवय. हे गुण जाहिरातीमुळेच आले असे म्हणणे अतिरेकाचे होईल. पण त्यांची रोजची तालीम तिथे झाली, हे नाकारण्याचे कारण नाही.

१५/
संगीताचेही तसेच. कोलटकरांनी अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाज शिकला. १९७०च्या दशकात त्यांनी इंग्रजी गाणी रचली, त्यांना चाली लावल्या आणि ध्वनिमुद्रणाचाही प्रयत्न केला. लोकप्रिय पाश्चात्य संगीतात त्यांना स्वतःची वाट काढायची होती. ते घडले नाही. त्या गाण्यांचे शब्द निधनानंतर, मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ (२००९) या पुस्तकात आले. म्हणजे ज्या वर्षांना मौन म्हटले जाते त्यांच्या उंबरठ्यावर हा माणूस चक्क गात होता.

१६/
बळवंतबुवा या भजनी गायकाशी कोलटकरांची दीर्घ मैत्री होती. बुवांच्या तोंडून त्यांचे आयुष्य ऐकायचे आणि लिहून काढायचे, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. भजनाची बैठक, वारी, शहराच्या कडेने जगणारी माणसे यांचे जग त्यांना या संगतीतून जवळचे झाले आणि ते ‘चिरीमिरी’तल्या कवितांत उतरले. मौखिक इतिहास हा शब्द आज विद्यापीठांत प्रतिष्ठित आहे. एक कवी तेच काम कोणत्याही अनुदानाशिवाय करत होता, आणि त्याच्या नावापुढे मात्र ‘या काळात लेखन नाही’ अशी नोंद पडत होती.

१७/
शब्दच नसलेली एक कृतीही आहे. ‘द पोलिसमन’ हे तेरा दृश्यांचे निःशब्द नाटक केवळ रेखाचित्रांतून सांगितलेले आहे. ते पुस्तकरूपाने २००५ मध्ये, म्हणजे लेखकाच्या निधनानंतर आले. याला साहित्य म्हणावे, चित्रकला म्हणावी की नाटक? ग्रंथपालाला ते कुठल्यातरी एका कपाटात ठेवावेच लागते. अभ्यासकावर ती सक्ती नाही. तरीही आपला अभ्यास ग्रंथालयाच्या कपाटांप्रमाणेच विभागलेला राहिला.

१८/
शेवटच्या पाच पुस्तकांकडे या नजरेने पाहिले तर काय दिसते? ‘भिजकी वही’मध्ये इसिस, कासान्द्रा, हिपेशिया, कण्णगी, नादेझ्दा मान्देलश्ताम अशा जगभरच्या, वेगवेगळ्या युगांतल्या स्त्रियांचे दुःख एकत्र येते. त्यांत डोरा मार आहे. पिकासोच्या चित्रांतली रडणारी स्त्री म्हणून जग तिला ओळखते. पण ‘गेर्निका’ घडत असताना त्याची छायाचित्रे टिपणारी छायाचित्रकारही तीच. चित्रकलेचा इतिहास आतून माहीत असलेल्या कवीलाच अशी निवड सुचू शकते. या संग्रहाला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

१९/
‘काळा घोडा पोएम्स’ ही तर एका जागेकडे वर्षानुवर्षे पाहत राहण्याची नोंद. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवून राणीच्या बागेत नेला गेला. घोडा गेला आणि नाव उरले. त्या चौकासमोरच्या ‘वेसाइड इन’मध्ये बसून कोलटकरांनी फुटपाथवरची माणसे, इडलीवाली, कचरा, कावळे, कुत्री यांचे जग टिपले. एका कवितेत भटक्या कुत्र्याच्या अंगावरचे ठिपके मुंबई बेटांच्या सतराव्या शतकातल्या नकाशासारखे दिसतात. शहराचा वसाहतकालीन इतिहास, नकाशाशास्त्र आणि चित्रकाराची नजर ही तिन्ही त्या एका प्रतिमेत आहेत.

२०/
अशी पुस्तके दोन वर्षांत लिहून होत नसतात. ती दोन वर्षांत प्रकाशित झाली. त्यांतल्या कविता मधल्या दशकांच्या आहेत. लेखन आणि प्रकाशन या दोन वेगळ्या घटना आहेत, हे इतिहासाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. ताम्रपटाची तारीख आणि त्यातल्या घटनेची तारीख आपण वेगळी काढतो. साहित्याच्या बाबतीत मात्र ही काळजी सुटते, आणि प्रकाशनवर्षांच्या यादीलाच जीवनक्रम समजले जाते.

२१/
या मताविरुद्ध दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला: जाहिरात ही सामूहिक निर्मिती असते आणि तीवर कोणाची सही नसते, मग कोणते काम कोलटकरांचे हे ठरवणार कसे? आक्षेप रास्त आहे. म्हणून प्रत्येक सुंदर जाहिरात त्यांच्या नावावर चढवण्याचा मोह टाळलाच पाहिजे. परंतु मंदिरशिल्पांवरही बहुधा सही नसते आणि तरी त्यांचा इतिहास लिहिला जातो. कार्यशाळा, पद्धत, सहकारी आणि काळ यांचा अभ्यास करता येतो. कर्ता निश्चित होत नाही, एवढ्यावरून काम नगण्य ठरत नाही.

२२/
दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. भालचंद्र नेमाडे यांनी ‘जेजुरी’तली दृष्टी पाहुण्याची, पर्यटकाची असल्याची टीका केली होती. इंग्रजीतून लिहिणारा, जाहिरातीच्या जगात वावरणारा कवी श्रद्धेच्या आत शिरत नाही, हा तिचा रोख. तिला उत्तर देताना कोलटकरांचे तुकारामाचे आणि जनाबाईचे इंग्रजी अनुवाद, बळवंतबुवांची संगत, पखवाज आणि त्यांच्या मागे प्रकाशित झालेली मराठी ‘जेजुरी’ हे सारे समोर ठेवावे लागते. टीका मान्य होवो वा न होवो, तिचा निकाल केवळ एका इंग्रजी पुस्तकावरून लावता येत नाही. एका रकान्याची नोंदवही निकालही एकांगीच देते.

२३/
शिवाय कोलटकर एकटे नव्हते. दिलीप चित्रे कवी, अनुवादक, चित्रकार आणि ‘गोदाम’ चित्रपटाचे दिग्दर्शक. गीव पटेल डॉक्टर, कवी, नाटककार, चित्रकार. र. कृ. जोशी कवी, ‘उल्का’ जाहिरातसंस्थेचे कलादिग्दर्शक आणि सुलेखनकार. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच. मराठी मजकूर संगणकावर वर्षानुवर्षे ज्या वळणात वाचला गेला, ते वळण एका कवीच्या हातचे आहे, हे किती वाचकांना ठाऊक असेल? अनेक माध्यमांत काम करणे ही त्या पिढीची सर्वसाधारण रीत होती. अपवाद ठरवले ते नंतरच्या वर्गीकरणाने.

२४/
प्रश्न निव्वळ गौरवाचा नाही. कवितेची पुस्तके ग्रंथालयांत टिकतात. सायक्लोस्टाइलची पाने पिवळी पडून तुटतात, जाहिरातींची मूळ आरेखने कार्यालय बदलताना रद्दीत जातात, ध्वनिफिती बुरशीने खराब होतात. ज्याला नोंदवहीत जागा नाही त्याला जतनाच्या यादीतही जागा मिळत नाही. मुंबईच्या कवींच्या कागदपत्रांचा एक महत्त्वाचा संग्रह आज अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात उभा राहिला आहे. तो जतन होतो आहे याचा आनंदच. पण ज्या गल्ल्यांत ही पाने छापली गेली त्या शहरातल्या विद्यार्थ्याला ती पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा लागावा, हे भूषणावह नाही.

२५/
यावर करण्याजोग्या गोष्टी फार महाग नाहीत. लघुनियतकालिकांचे अंक केवळ मजकूर टंकून न घेता पूर्ण पानासह, मुखपृष्ठ आणि जाहिरातींसह स्कॅन करावेत. मराठी पुस्तकांच्या सूचीत मुखपृष्ठकार आणि मांडणीकार यांचा रकाना सक्तीचा असावा. त्या काळच्या छापखान्यांत आणि जाहिरातसंस्थांत काम केलेली जी मंडळी आज हयात आहेत, त्यांच्या आठवणी वेळेत ध्वनिमुद्रित व्हाव्यात. आणि विद्यापीठांनी मराठी विभाग व कलामहाविद्यालय यांच्यामधला रस्ता ओलांडावा. 

२६/
तरुण अभ्यासकांना आजपासूनच एक सवय लावून घेता येईल. जुने मराठी पुस्तक हाती आले की थेट पहिल्या कवितेवर जाऊ नये. आधी मुखपृष्ठ पाहावे, मग श्रेयनामावलीचे पान उलटावे आणि मुखपृष्ठ कोणाचे, मांडणी कोणाची, मुद्रण कुठले ते टिपून घ्यावे. घरच्या माळ्यावर एखादे फिकट शाईचे अनियतकालिक सापडले, तर रद्दीत देण्याआधी त्याच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढावे. कोलटकरांच्या त्या सव्वीस वर्षांतले काहीतरी कदाचित अशाच एखाद्या गठ्ठ्यात अजून पडून असेल.